दोन दांड्या, बारा बटणं

काकासाहेब औताडे आपल्या पोटच्या पोरीच्या हातून लागोपाठ अकरा वेळा मेले, तेव्हा रविवारची सकाळ होती आणि ताटलीतले पोहे अजून गरम होते.

मेले म्हणजे टीव्हीवर. सोनियानं टीव्हीला जोडलेल्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर दोघांनी मारामारी करायचा एक जुनापुराणा गेम उतरवून घेतला होता, आणि त्यात काकासाहेबांचा पहिलवान दर डावाला दहा सेकंदांत आडवा होत होता. बाराव्यांदा मरायच्या आधी काकासाहेबांनी हातातला तो प्लास्टिकचा कंट्रोलर सोफ्यावर ठेवला आणि जाहीर केलं, की ह्याला खेळणं म्हणत नाहीत. अंगठा हा रेशनच्या दुकानात मशीनवर टेकवायला असतो. खरा गेम दांडीवर खेळतात. दांडी मुठीत, बटणं बोटांखाली. तसल्या मशीनवर हरवून दाखव, मग बोल.

सोनिया पोह्यातले शेंगदाणे वेचत म्हणाली, "आणा मग."

आता हे दोन शब्द कुठलाही शहाणा बाप कानाआड टाकेल. पण सोनियाला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि एकवीस दिवसांनी ती होस्टेलला जाणार होती. ती गेली की घरात आपल्याला हरवायलासुद्धा कोणी उरणार नाही, असं काकासाहेबांच्या मनात येऊन गेलं. असलं काही बोलून दाखवायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. त्यांनी फक्त मान डोलावली आणि कॅलेंडरजवळ जाऊन दिवस मोजले.

काकासाहेब वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होते. केसाएवढा फरक दिसला की पार्टावर लाल स्टिकर लावायचं, हे ते बावीस वर्षं इमानेइतबारे करत होते. थोडक्यात, स्वतः काही बनवायचं नाही आणि दुसऱ्यानं बनवलेलं नापास करायचं, हा त्यांचा पगारी व्यवसाय. त्यामुळे असलं मशीन घरच्या घरी कसं बनवायचं ह्याचा व्हिडिओ बघताना त्यांना हे काम अगदीच किरकोळ वाटलं. लोखंडी पट्टीवर एक दांडी. पट्टीखाली चार बाजूंना चार बारके स्विच. दांडी ज्या बाजूला ढकलाल, तिकडचा स्विच 'कट्' करतो, वायर ती खबर एका छोट्या बोर्डाला देते आणि बोर्ड कॉम्प्युटरला सांगतो. दोघांसाठी दोन दांड्या, बारा बटणं, वर एक लाकडी डबा. ह्यात अवघड काही नाही, असं व्हिडिओतला माणूस हसत हसत म्हणाला. त्या माणसाला शेजारी नसावेत.

दांड्या आणि बटणं दिल्लीच्या एका दुकानातून ऑनलाइन मागवायची होती. पत्त्याच्या रकान्यात शहरांची यादी उघडली, तर तिच्यात छत्रपती संभाजीनगर नव्हतं आणि औरंगाबाद मात्र दोनदा होतं. काकासाहेबांनी शिस्तीत वरचं निवडलं. सहाव्या दिवशी पार्सल पोचल्याचा मेसेज आला आणि पार्सल काही आलं नाही. त्यांनी कुरिअरच्या फोनवर चौकशी केली.

"सर, आपका पार्सल परसों ही औरंगाबाद पहुँच गया है," बाई गोड आवाजात म्हणाली. "लेकिन आप घर पर नहीं मिले."

"मॅडम, मैं औरंगाबाद मेंच बैठा हूँ. रजा टाक के बैठा हूँ."

अशा तीन फोननंतर उलगडा झाला, की पार्सल बिहारातल्या औरंगाबादला गेलं असून तिथला माणूस औताडे नावाच्या इसमाला शोधत भर उन्हात तीनदा चौक पालथा घालून आला आहे. पार्सल इकडं वळवण्यासाठी ओळखपत्र लागत होतं. काकासाहेबांच्या आधारवर शहराचं नवं नाव होतं, पार्सलवर जुनं. कुरिअरवाल्यांचं म्हणणं पडलं, की ही दोन्ही गावं एकच आहेत असा कुठल्यातरी कचेरीचा दाखला जोडा. काकासाहेब एका कचेरीत गेलेसुद्धा. तिथल्या कारकुनानं अर्ज करा म्हणून सांगितलं आणि अर्जात कारण लिहायला लावलं. काकासाहेबांनी 'जॉयस्टिककरिता' असं लिहिलं. कारकुनानं ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, काकासाहेबांच्या पिकल्या मिशीकडं पाहिलं आणि अर्ज अलगद परत दिला. अपमान असा होता, की त्यात धरायला जागा नव्हती.

शेवटी कारखान्यातला एक बिहारी वेल्डर कामी आला. त्याचा चुलतभाऊ त्या गावापासून जवळच राहत होता. तो गेला, काउंटरवर छाती पुढं काढून आपण काकासाहेब औताडे असल्याचं सांगितलं, कोणी आडवं विचारलं नाही, आणि पार्सल घेऊन त्यानं ते पुन्हा इकडं रवाना केलं. दोन राज्यांत मिळून काकासाहेबांचा शब्द मानला गेला तो एवढ्या एकाच ठिकाणी, आणि तिथं ते स्वतः हजर नव्हते.

मधल्या दिवसांत डबा करून घ्यावा म्हणून ते हर्सूल रस्त्यावरच्या सांडू मिस्त्रीकडं गेले. सांडूनं आयुष्यभर देव्हाऱ्यांशिवाय दुसरं काही बनवलेलं नव्हतं. हे त्यानं सांगितलं नाही आणि काकासाहेबांनी विचारलं नाही. काकासाहेबांनी मिलिमीटरमध्ये काढलेलं ड्रॉइंग सांडूनं उभं धरलं, आडवं धरलं आणि विचारलं, "देव कोणते बसवायचे?"

"देव नाय. दांड्या बसवायच्यात."

"किती?"

"दोन."

सांडू बराच वेळ कानामागची पेन्सिल चाचपत राहिला. मग म्हणाला, "तोंड पूर्वेला राहील ना पण?"

काकासाहेबांनी घाईत व्हय म्हटलं, आणि ते नडलं. चार दिवसांनी रिक्षातून जे घरी आलं ते सागवानी होतं, त्याला चहूबाजूंनी कंगोरे होते, मागच्या अंगाला महिरप होती, महिरपीच्या दोन टोकांना लिंबाएवढे दोन कळस होते आणि पुढं उदबत्त्यांसाठी छोटा ड्रॉवर होता. मंजुषावहिनी, म्हणजे काकासाहेबांच्या सौभाग्यवती, दारातच उभ्या राहून म्हणाल्या, की आपल्याकडं एक देवघर आहे की हो. काकासाहेब कपाटातून व्हर्निअर घेऊन आले. त्यांनी एकेक भोक मोजलं. बटणांची बाराच्या बारा भोकं तीस मिलिमीटरला चोख होती. दांड्यांमधलं अंतर चोख होतं. कळस ड्रॉइंगमध्ये नव्हते, पण दोन्ही एका मापाचे होते. बावीस वर्षांत पहिल्यांदाच नापास करायला काही सापडेना, तेव्हा काकासाहेबांना उगाचच कसंनुसं झालं.

डबा हॉलमध्ये ठेवला. सोसायटीतली माणसं चपला काढून आत येत, आधी डब्याला हात जोडत, मग खुर्चीवर बसत आणि सल्ला देत. कोणी म्हणालं, एवढ्या खर्चात तयार मशीन आलं असतं. कोणी म्हणालं, ह्यानं डोळे जातात. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी ह्यापेक्षा मधमाश्या पाळायचा जोडधंदा करा म्हणून सुचवलं आणि त्यासाठी दौलताबादला ओळखसुद्धा दिली. डब्यात नेमकं काय होणार आहे, ते कसं चालतं, हे मात्र कोणी विचारलं नाही. काकासाहेब ड्रॉइंगची गुंडाळी हातात घेऊन तयारीत बसत आणि पाहुणे चहा पिऊन जात.

पार्सल आलं तेव्हा सोनियाच्या जाण्याला सहा दिवस राहिले होते. काकासाहेबांनी जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला. घरचे खाली पंगत मांडून जेवू लागले. लाल, पिवळ्या, काळ्या वायरी टेबलाच्या चारी कडांनी लोंबत होत्या आणि काकासाहेब त्यांच्यात चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होते. सोनिया येता-जाता डोकावायची. तिला त्यांनी हात लावू दिला नाही, कारण प्रतिस्पर्ध्याला मशीनची आतली माहिती देणं त्यांना पटत नव्हतं.

पहिल्या चाचणीत दांडी उजवीकडं ढकलली की पहिलवान उडी मारायचा, आणि वर ढकलली की उलटा चालत पडद्याबाहेर जायला बघायचा. पट्टी पाव फेरा चुकीची बसली होती. सोळा स्क्रू काढून काकासाहेबांनी ती नीट केली. बाराही बटणं आवाज करायला लागली तेव्हा त्यांच्या मातोश्री, आवडाबाई, कुंकवाची कोयरी आणि अक्षता घेऊन पुढं झाल्या. नवीन यंत्र घरात येतं आणि त्याची पूजा होत नाही, हे त्यांनी फ्रीजपासून पाण्याच्या मोटरपर्यंत कधी चालू दिलं नव्हतं. त्यांनी दोन्ही दांड्यांना कुंकू लावलं आणि सढळ हातानं अक्षता टाकल्या.

संध्याकाळी काकासाहेब एकटेच सराव करायला बसले. बघतात तर समोरचा, म्हणजे सोनियाच्या बाजूचा पहिलवान आपणहून लाथा मारत सुटलेला. तिकडं कोणी नव्हतं. सोनिया स्वयंपाकघरात आजीला मेथी निवडू लागत होती. अक्षतेचा एक दाणा लाथेच्या बटणात जाऊन बसला होता आणि बटण दाबलेलंच राहिलं होतं. हे काकासाहेबांच्या ध्यानात आलं, पण तोवर तीन डाव झाले होते आणि तिन्ही डाव त्या तांदळाच्या दाण्यानं जिंकले होते. हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नाही.

दाणा चिमट्यानं निघाला. दुसऱ्या दिवशी मंजुषावहिनी फडकं मारत असताना दांडीच्या पट्टीला त्यांचा हात लागला आणि मनगटापर्यंत मुंग्या आल्या. त्यांनी फडकं तिथंच टाकलं आणि हे घरात राहील नाहीतर मी राहीन, असं न म्हणता नुसतंच काकासाहेबांकडं पाहिलं, जे जास्त वाईट होतं.

बातमी खालच्या मजल्यावर गेली आणि आप्पासाहेब वर आले. आप्पासाहेब वीज खात्यातून निवृत्त झालेले, शिवाय सोसायटीचे अध्यक्ष. खिशात टेस्टर असल्याशिवाय ते देवळातसुद्धा जात नसत. त्यांनी टेस्टर पट्टीला लावला, आतला दिवा मिणमिणला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तेज आलं.

"औताडे, दोष तुमच्या मशीनचा नाय," ते म्हणाले. "बिल्डिंगची अर्थिंगच मेलेली आहे."

खरं तर ते बरोबर बोलत होते. जुन्या कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्यात वीज झिरपत होती, आणि तिला जमिनीत जायला वाट नसल्यानं ती वायरीतून थेट मंजुषावहिनींपर्यंत आली होती. उपाय आप्पासाहेबांना तोंडपाठ होता. पार्किंगच्या मागं चांगला पुरुषभर खड्डा खणायचा, त्यात तांब्याची पट्टी पुरायची, वर कोळसा आणि खडेमीठ. परवानगीचं काय, असं काकासाहेबांनी विचारलं. आप्पासाहेबांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, परवानगी म्हणजे मीच की, असं सांगितलं. लेखी देता का, हे विचारायचं काकासाहेबांना सुचलं नाही. क्वालिटी खात्यातल्या माणसाकडून झालेली ही चूक कशी माफ करायची, हे अजून ठरलेलं नाही.

गुरुवारी सकाळी वॉचमन कडुबानं खणायला घेतलं. आप्पासाहेब खुर्ची टाकून बसले होते आणि थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं अशा सूचना देत होते. कमरेइतका खड्डा झाल्यावर कडुबा थांबून म्हणाला, खाली काहीतरी कडक लागतंय. आप्पासाहेब म्हणाले, मुरूम असंल, हाण. कडुबानं पहार हाणली.

तो मुरूम नव्हता, नळाची मुख्य लाइन होती. आणि आठवडाभर वाट पाहायला लावून नळाला पाणी आलं होतं ते नेमकं त्याच घटकेला. पाणी कडुबाच्या डोक्यावरून, आप्पासाहेबांच्या खुर्चीवरून पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत उडालं. वरच्या मजल्यांवर नळांनी एकदा खाकरून जीव सोडला. चोवीस घरांच्या बायका रिकामे ड्रम तसेच ठेवून गॅलरीत आल्या, आणि आपलं आठवड्याचं पाणी पार्किंगमधून रस्त्यावर आणि रस्त्यावरून नाल्यात जाताना त्यांनी पाहिलं. कोणीतरी वरून विचारलं, हे कुणाचं काम. आप्पासाहेबांनी निथळत्या हातानं काकासाहेबांच्या गॅलरीकडं बोट केलं.

नोटीस दुपारी आली. 'आपण सामाईक जागेत विनापरवाना उत्खनन करून रहिवाशांची गैरसोय केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर यंत्र पुढील निर्णयापर्यंत सोसायटीच्या ताब्यात राहील. रविवारी सकाळी दहा वाजता सभेपुढे हजर राहून खुलासा करावा.' खाली आप्पासाहेबांची सही होती. नोटीस घेऊन आप्पासाहेबच आले होते. ती देऊन ते खुर्चीवर टेकले, चहा प्यायले, साखर थोडी कमी चालेल म्हणाले, आणि जाताना कडुबाच्या मदतीनं मशीन उचलून खाली घेऊन गेले. दारातून बाहेर काढताना सवयीनं त्यांनी महिरपीला नमस्कार केला.

सोनियाची बस रविवारी तीन वाजता होती.

ते तीन दिवस काकासाहेबांनी जिना चढता-उतरता जे ऐकलं ते इथं सांगण्यात अर्थ नाही. बादल्यांनी टँकरचं पाणी चढवणाऱ्या माणसाला बोलायचा हक्क असतो, हे त्यांनाही मान्य होतं. टेबल मोकळं झालं होतं. सगळे पुन्हा वर बसून जेवू लागले. शनिवारी सोनियाची बॅग भरताना मंजुषावहिनी सहज म्हणाल्या, की राहिलंच मग तुमचं खेळायचं. काकासाहेब बॅगेची चेन ओढत होते. ती काही केल्या लागेना.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळी घरं हजर होती. आजवर दिवाळीच्या फराळालासुद्धा एवढी माणसं जमली नव्हती. पाइप जोडून झाला होता, पण लोकांचा राग तसाच होता. मध्ये टेबलावर मशीन मुद्देमालासारखं मांडलं होतं. आप्पासाहेबांनी आरोप वाचले. काकासाहेब उभे राहून म्हणाले, की खड्डा आप्पासाहेबांनी सांगितला. आप्पासाहेब म्हणाले, की खड्डा सांगितला, पाइप सांगितला नव्हता. ह्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा तास बोलणं झालं. मग पहिल्या मजल्यावरच्या एका काकूंनी मुद्द्याचं विचारलं, की हे यंत्र मुळात धोक्याचं आहे का नाही, ते आधी कळू द्या. पोरंबाळं आहेत बिल्डिंगमध्ये.

"चालवून दाखवावं लागंल," मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली सोनिया म्हणाली. "आणि ते दोघांशिवाय चालत नाय."

वरून कॉम्प्युटर आणि टीव्ही खाली आला. हॉलच्या वेगळ्या मीटरची अर्थिंग आप्पासाहेबांनी स्वतः टेस्टर लावून पाहिली आणि चालू असल्याचं खिन्नपणे जाहीर केलं. बाप-लेक शेजारी-शेजारी उभे राहिले. काकासाहेबांनी दांडी मुठीत धरली. सत्तर माणसं पाठीशी उभी होती आणि पहिल्या लाथेपासून सगळी बोलत होती. वर मारा, खाली मारा, औताडे पळा, औताडे बसा. ह्या गदारोळात सोनियाचं बोट चुकलं आणि पहिला डाव काकासाहेबांनी जिंकला. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा डाव सोनियानं घेतला, तेव्हा बायकांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. आप्पासाहेब अध्यक्षांची खुर्ची सोडून टीव्हीपासून हातभर अंतरावर येऊन उभे होते.

तिसरा डाव रंगात आला असताना गेटवरून कडुबाची हाक आली, की पाणी सोडलंय.

पाणी सोडणाऱ्या लाइनमनला कोणी गळ घातली होती कुणास ठाऊक. वार नसताना पाणी आलं होतं. हॉल अर्ध्या मिनिटात रिकामा झाला. खुर्च्या पडल्या, एक चप्पल उलटी राहिली, अध्यक्षांचं इतिवृत्त जमिनीवर पसरलं. जिन्यातून मंजुषावहिनींचा आवाज आला, "अहो, ड्रम धरायला या लवकर."

काकासाहेबांनी दांडी सोडली नाही. लग्नानंतरच्या बावीस वर्षांत इतकं धाडस त्यांनी केलं नव्हतं.

"येतोय," ते ओरडून म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

मग ते दोघं खेळत राहिले. वरून ड्रम सरकवल्याचे, पाइप ओढल्याचे, भांडणाचे आवाज येत होते आणि हॉलमध्ये फक्त स्विचांची कटकट चालली होती. गर्दी गेल्यावर सोनियाची बोटं मोकळी झाली. काकासाहेब दुसऱ्यांदा मेले, तिसऱ्यांदा मेले, दहाव्यांदा मेले. मध्ये एक डाव त्यांनी जिंकला, तोही सोनिया केस बांधायला थांबली होती म्हणून. बाराव्या डावानंतर सोनियानं घड्याळाकडं पाहिलं.

"पप्पा, तुम्ही लई वाईट खेळता," ती म्हणाली.

"व्हय."

"बटणांकडं बघून खेळता. समोर बघतच नाय."

सोनियानं आपली दांडी एकदा चारी बाजूंना फिरवली, कान लावून स्विच ऐकले, महिरपीवरचा कळस बोटानं पुसला.

"पण मशीन एक नंबर झालंय," ती म्हणाली. "मी घेऊन जाऊ का होस्टेलला?"

बापाच्या काळजाचं पाणी व्हायची जागा ती हीच. काकासाहेबांचं झालंही, साधारण मिनिटभर. मग त्यांच्या डोळ्यांपुढून बिहार, कारकून, सांडू, तांदळाचा दाणा आणि गुरुवारचं कारंजं असं सगळं सरकत गेलं.

"नाय," ते म्हणाले. "तुझं तू बनव."

सोनिया हसली. तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. तीनच्या बसला ती गेली. आप्पासाहेबांनी इतिवृत्त पुरं केलं: यंत्र निर्धोक आढळल्याने परत दिले, पाणी आल्याने सभा तहकूब. पुढची सभा कधी, हा रकाना त्यांनी कोरा ठेवला.

पुढच्या शनिवारी आप्पासाहेब वर आले. खेळायला आले होते, पण तसं म्हणत नव्हते. दांडीचा कोन पाच अंशानं चुकलाय असं त्यांचं म्हणणं होतं. तेवढ्यात काकासाहेबांचा फोन वाजला. सोनिया होती. जेवण बरं आहे, पाणी रोज असतं, रूममधल्या मुली चांगल्या आहेत, असं सगळं भराभर सांगून झालं. मग ती म्हणाली, "पप्पा, इथल्या पोरींबरोबर मशीन बनवायला घेतलंय. त्या दांडीखालच्या चार स्विचांच्या वायरी तुम्ही नेमक्या कशा जोडल्या?"

काकासाहेबांनी हातानंच आप्पासाहेबांना बसायची खूण केली, ड्रॉइंगची गुंडाळी गुडघ्यावर उलगडली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि सांगायला सुरुवात केली. आप्पासाहेबांनी एकदा तोंड उघडून पाहिलं, दोनदा पाहिलं. पाऊण तासानं ते स्वतःच उठून चहा टाका म्हणून सांगायला आत गेले, तेव्हा काकासाहेब दुसऱ्या स्विचपर्यंत आले होते.